कडेला बसलेली माणसं : ‘झुंड’मधल्या मैदानाविषयी

नगर तालुक्यातलं अकोळनेर एरवी इंधनाच्या डेपोंमुळे माहीत असलेलं गाव. ‘फँड्री’ची गोष्ट तिथे घडते. त्या चित्रपटाच्या शेवटच्या भागात शाळकरी जब्याचं कुटुंब डुकरं पकडायला धावत असतं आणि ते बघायला गाव जमतं. कुणी दगडी बांधावर जागा धरून बसतं, कुणी उभ्याने शेरे मारतं. डुक्कर हातातून निसटलं की हशा पिकतो. वर्गातल्या पोरांनी आपल्याला या कामात पाहू नये म्हणून जब्या लपायला आडोसा शोधत राहतो. पहिल्यांदा पाहताना माझं लक्ष जब्यावरून हटलं नव्हतं. पुढच्या वेळी मी बांधावरच्या माणसांकडे पाहत बसलो आणि मग जाणवलं, की दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी इथे चक्क एक स्टेडियम उभं केलं आहे. प्रेक्षक आहेत, आरडाओरडा आहे, शेरेबाजी आहे. खेळायची इच्छा नसलेल्यांना मात्र मैदानात उतरवलं आहे.

मंजुळे यांच्याच ‘सैराट’ची सुरुवात बिटरगावच्या क्रिकेट सामन्याने होते. माईकवरून अखंड समालोचन चालू असतं, गावचं पुढारपण बक्षीस द्यायला आलेलं असतं आणि कडेला सगळं गाव असतं. इथला आरडाओरडा मायेचा आहे. नायक परश्याला त्या मैदानावर जी वाहवा मिळते ती मात्र तिथल्या तिथे राहते, पुढाऱ्याच्या वाड्याच्या दारापर्यंत ती त्याच्या सोबतीला येत नाही. चौकार मारणाऱ्या पोराला टाळ्या देणारं गाव त्या पोराला आणखी काय काय देणार नाही, हे पुढचे अडीच तास दाखवतात.

त्यानंतर ४ मार्च २०२२ रोजी ‘झुंड’ आला. मंजुळे यांचा हा पहिला हिंदी चित्रपट. गोष्ट नागपूरची, भाषा नागपुरी वळणाची हिंदी, खेळ फुटबॉलचा आणि मैदान कॉलेजचं. हा चित्रपट मी आधीच्या दोन मैदानांच्या पुढे ठेवून पाहतो. बघे आणि खेळणारे यांच्यातल्या ज्या नात्याने या दिग्दर्शकाचा पिच्छा पुरवला आहे, ते इथे सगळ्यात उघडपणे, सगळ्यात लांबवर तपासलं गेलं आहे. कॉलेजचं मैदान कुणाचं, त्याच्या कडेला बसून ओरडण्याचा हक्क कुणाचा आणि खेळता खेळता लागलेली जखम कुणाच्या वहीत नोंदली जाते, हे तीन प्रश्न मला ‘झुंड’चा कणा वाटतात.

नगरकर म्हणून यात माझा थोडा जास्तीचा जीव गुंतला आहे. मंजुळे यांनी संज्ञापन अभ्यासाचं पदव्युत्तर शिक्षण आमच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात घेतलं. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्यांनी तिथेच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केला आणि पुढे ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. शाळेत जावंसं वाटणाऱ्या पण शाळेच्या बाहेर राहिलेल्या पोराची ती गोष्ट आहे. म्हणजे आतलं शिक्षण आणि बाहेर उभं असलेलं मूल हा विषय कॉलेजात विद्यार्थी असतानाच त्यांच्या हाताशी होता. ‘झुंड’मधलं सेंट जॉन्स कॉलेज नागपूरचं असलं, तरी कॉलेज नावाच्या जागेकडे आतून आणि बाहेरून एकाच वेळी पाहण्याची ती नजर नगरमध्येही घडली असणार, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडच्या कॉलेजांतलं खेळाचं वातावरण ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. १९४७ साली सुरू झालेलं अहमदनगर कॉलेज घ्या, न्यू आर्ट्स घ्या, किंवा तालुक्याच्या गावचं कुठलंही कॉलेज घ्या. तिथे एक वेगळंच छोटं राष्ट्र असतं. झोनलला कोण खेळणार, पुणे विद्यापीठाचा कलर कुणाला मिळाला, गेल्या वर्षी सेमीफायनलला कुणाचा गुडघा गेला आणि त्यामुळे कसा सामना हातचा गेला, यावर कॅन्टीनमध्ये तासन्‌तास बोललं जातं. गुडघ्याचं लिगामेंट फाटलेला खेळाडू काठी टेकत वर्गात आला की त्याच्याकडे आदराने पाहिलं जातं. त्याचं प्लॅस्टर म्हणजे मानाची खूण, त्यावर मित्र सह्या करतात. गॅदरिंगला ढाली मांडल्या जातात. जुने खेळाडू वयाने पोक्त झाले तरी पोरांच्या सामन्याला येऊन कडेला उभे राहतात आणि ‘आमच्या वेळी’ने वाक्य सुरू करतात. हे सगळं मला फार प्रिय आहे. या प्रेमाला जगभर मोठमोठी रूपं आहेत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं बसतात, तीही विद्यार्थ्यांचा सामना पाहायला. त्यांचा फुटबॉल वेगळा, पण कॉलेजच्या रंगाचा सदरा घालून गळा बसेपर्यंत ओरडणं तेच. आपल्याकडे कोल्हापुरात ही निष्ठा कॉलेजांपेक्षा पेठांना आणि तालमींना चिकटली आहे. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल अशा नावांसाठी शाहू स्टेडियम भरतं. नगरचा वाडिया पार्क कुस्तीला भरतो; २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरीला तो कसा भरला होता हे सगळ्यांनी पाहिलं.

या प्रेमाला एक कुंपणही असतं. ‘झुंड’ने ते कुंपण थेट विटा-सिमेंटचं दाखवलं आहे. कॉलेजचं हिरवं मैदान आणि गड्डीगोदामची झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे. अलीकडे गोलपोस्ट, पलीकडे कचरा. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा या भिंतीपाशी पुन्हा पुन्हा येतो; तिचं कौतुक करत नाही, तिच्यावर रागही काढत नाही, ती किती नेहमीची झाली आहे एवढंच दाखवतो. वस्तीतली पोरं ती भिंत इतक्या सहज ओलांडतात की तिचा अडथळा त्यांच्या शरीराला मुळी जाणवतच नाही. अडथळा जाणवतो तो आतल्या माणसांना, पोरं आत आल्यावर.

निवृत्तीला आलेले क्रीडाशिक्षक विजय बोराडे (अमिताभ बच्चन) पावसात या पोरांना प्लॅस्टिकचा डबा लाथाडताना पाहतात. हा प्रसंग नागपूरच्या विजय बारसे यांच्या आयुष्यातून आला आहे. बारसे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ मध्ये पावसात पोरांना फुटकी बादली लाथाडताना पाहून त्यांनी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. २०१४ साली ‘सत्यमेव जयते’ या टीव्ही कार्यक्रमाने हे काम देशभर पोहोचवलं. या सत्य घटनेला मंजुळे कसं हाताळतात ते पाहण्यासारखं आहे. पाऊस त्यांच्या ओळखीचा आहे. ‘पावसाचा निबंध’ या लघुपटात शाळेने निबंध लिहायला सांगितलेला पाऊस आणि घरात गळणारा पाऊस त्यांनी समोरासमोर ठेवले होते. ‘झुंड’मध्ये पाऊस गरिबीचं दुःख वाढवायला येत नाही. चिखलात पोरांचं अंग मोकळं होतं, डबा नीट घरंगळत नाही म्हणून त्यांना आणखी चेव येतो, आणि पाहणाऱ्या शिक्षकाला त्यांच्या पायांतलं काहीतरी दिसतं. या मुलांकडे कुणीतरी प्रथमच कौतुकाने पाहतं आहे, आणि त्या मुलांना ते ठाऊकही नाही. जब्याला ज्या नजरांपासून पळावं लागलं, त्या नजरांचा उतारा मला इथे दिसतो.

बोराडे पोरांना खेळायचे पैसे देतात. रोज खेळा, रोज पैसे घ्या. काही दिवसांनी ते पैसे बंद करतात आणि पोरं चेंडू मागायला येतात. कथेचा सांधा म्हणून ही युक्ती जुनीच वाटेल, पण तिच्यात एक नेमकेपणा आहे. चालत्या मालगाडीवरून कोळसा उतरवणाऱ्या पोरांना जगातली प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी बदल्यात मिळते. फुकट खेळणं ही चैन त्यांना परवडलेली नाही. कॉलेजच्या मुलाला खेळाची सवय लागते तेव्हा त्याला फीमध्ये जिमखान्याची रक्कम भरून खेळ मिळतो. इथे उलटा व्यवहार करावा लागतो. शिक्षक या नात्याने बोराडे यांना ते कळतं, आणि कळलेलं ते भाषण न देता करतात. चित्रपटाच्या पहिल्या तासातला हा शांतपणा मला त्यातल्या नंतरच्या भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो.

पुढे वस्तीचा संघ आणि कॉलेजचा संघ यांचा सामना ठरतो. या सामन्याला मंजुळे यांनी हात राखून वेळ दिलेला नाही. तो भरपूर लांबतो, त्यात विनोद आहे, गोंधळ आहे, चुका आहेत. खेळपटांत सहसा शेवटी येणारा मोठा सामना इथे आधीच येऊन जातो, आणि त्यातून चित्रपटाचा हेतू कळतो. जिंकणं हे या गोष्टीचं टोक नाही, जिंकल्यानंतरही उरतं काय ते त्याला सांगायचं आहे.

या सामन्यात कडेला पाहावं. मैदानाच्या एका अंगाला कॉलेजची मुलं आहेत. त्यांना आपला संघ माहीत आहे, आपल्या घोषणा माहीत आहेत, हरण्याची शक्यता त्यांच्या गणितात नाही. दुसऱ्या अंगाला वस्ती आहे. बाया, म्हातारी माणसं, कडेवरची लेकरं. यातल्या बहुतेकांना ऑफसाइड म्हणजे काय ते सांगता येणार नाही. आपलं पोर कोणतं हे मात्र लांबूनही ओळखता येतं. कॉलेजच्या प्रेक्षकांना परंपरा आहे, वस्तीच्या प्रेक्षकांना नातं आहे. मंजुळे यांचा कॅमेरा गोलपोस्टकडे जितका वळतो तितकाच या चेहऱ्यांकडे वळतो. आणि मला अकोळनेरचा बांध आठवत राहतो. तिथे गाव जमलं होतं ते एका कुटुंबाची फजिती पाहायला. इथे ज्यांची रोज फजिती होते ती माणसं पहिल्यांदाच प्रेक्षक म्हणून बसली आहेत. आपल्या माणसासाठी ओरडायला त्यांना जागा मिळाली आहे, तीही भिंतीच्या आतल्या बाजूला. त्यांच्या ओरडण्यात जी हक्काची धार आहे, तिच्यासाठी अजय-अतुल यांच्या संगीताची मदत लागत नाही, आणि जिथे संगीत थांबतं तिथे तो आवाज अधिक खरा ऐकू येतो.

एक कमतरता मला बोचते. कॉलेजच्या संघातल्या मुलांना चित्रपट जवळ घेत नाही. ती नीटनेटकी, थोडी मगरूर पोरं म्हणून येतात आणि हरून जातात. एखाद्या चांगल्या कॉलेज खेळाडूला पराभव किती लागतो आणि ज्याला आपण मोजलंच नव्हतं त्याच्याकडून हरल्यावर त्याच्या मनात काय हलतं, हे पाहायला मला आवडलं असतं. भिंतीच्या आतल्या एखाद्या मुलाची नजर बदलताना दिसली असती, तर भिंत दोन्ही बाजूंनी खिळखिळी झाली असती.

आता जखमांविषयी. डॉन हा या संघाचा नायक. अंकुश गेडाम या नागपूरच्याच तरुणाने तो उभा केला आणि त्याला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. डॉनच्या चालण्यात सतत एक सावधपणा आहे, पाठीमागून कुणी येईल असा. मैदानावर तो सैल होतो. गल्लीत, संभ्याची (आकाश ठोसर) टोळी समोर आली की पुन्हा आवळतो. एकाच शरीराच्या या दोन अवस्था गेडाम फारसं न बोलता दाखवतो. कॉलेजच्या खेळाडूला मार लागला तर पीटीचे सर पाण्याची बाटली आणि स्प्रे घेऊन धावतात, बर्फ लावतात, पुढच्या सामन्याला तो असेल का याची चर्चा होते. डॉनच्या हाणामारीतल्या जखमेची चर्चा पोलीस ठाण्यात होते. तिला कलम लागतं, तारीख पडते. पुढे देशाबाहेर खेळायला जायची वेळ येते तेव्हा त्याची वाट पायाच्या दुखण्याने अडत नाही, नावावरच्या गुन्ह्याने अडते. खेळाडूची फिटनेस टेस्ट इथे कोर्टात होते. न्यायाधीशांपुढे बोराडे जे बोलतात त्यात भिंतीचा मुद्दा फारच उलगडून सांगितला जातो. बच्चन तो संयमाने बोलतात, तरी मला वाटतं की तोवर कॅमेऱ्याने ते सांगून झालेलं होतं.

शब्दांनी सांगायचं तर त्याची दुसरी रीत याच चित्रपटात आहे. बोराडे पोरांना घरी बोलावतात आणि एकेकाला आपलं सांगायला लावतात. एकेक पोर बोलतं. कुणी हसत सांगतं, कुणी दुसऱ्याचं सांगितल्यासारखं आपलं सांगतं. वस्त्यांतून निवडलेल्या या मुलांच्या बोलण्यात पाठांतराचा वास नाही. बच्चन यांनी या प्रसंगात केलेली गोष्ट म्हणजे ऐकणं. एवढ्या मोठ्या नटाने एवढा वेळ फक्त ऐकत बसावं, यात दिग्दर्शकाची हिंमत आणि नटाची समज दोन्ही दिसतात. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीतही बोराडे बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडतात तेव्हा तो क्षण असाच येतो, पाहुणा म्हणून न येता त्या उत्सवातला एक होऊन. कॉलेजला ढाली, ब्लेझर, गॅदरिंग ही परंपरा आहे. वस्तीला ही मिरवणूक, हा ढोल, हे नाचणं आहे. पोरांच्या पायांत जी लय आहे ती मैदानावर शिकवलेली नाही, ती या मिरवणुकीतून आलेली आहे. चित्रपट हे कुठे बोलत नाही. आधी नाच दाखवतो, मग खेळ.

उत्तरार्ध पसरतो हे मान्य करावं लागेल. जवळपास तीन तासांच्या या चित्रपटात देशभरातले संघ येतात, नवी माणसं येतात, काहींची गोष्ट जेमतेम सुरू होऊन थांबते. पण याच पसाऱ्यात मोनिकाचा धागा आहे आणि तो चित्रपटातला सगळ्यात घट्ट विणलेला भाग आहे. रिंकू राजगुरूने साकारलेली ही आदिवासी मुलगी खेळात निवडली जाते आणि तिचा बाप तिच्या पासपोर्टसाठी कागद गोळा करत फिरतो. ती याच देशात जन्मली हे सिद्ध करायला एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात. चेंडू इथे कुठेच नाही. बापलेकीची पायपीट आहे, टेबलं आहेत, थांबणं आहे. ‘सैराट’मध्ये बुलेट चालवणारी हीच मुलगी इथे बापाच्या मागे गप्प चालते आणि राजगुरूने ते गप्प राहणं बोलकं केलं आहे.

या धाग्यामुळे मला आपल्या कॉलेजच्या खेळांची एक बाजू नव्याने दिसली. विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळायचं तर पात्रतेचा अर्ज भरावा लागतो. कॉलेजात नियमित प्रवेश हवा, बारावी पास हवं, वय मर्यादेत हवं, प्राचार्यांची सही आणि शिक्का हवा. हे नियम चुकीचे नाहीत. बाहेरचे खेळाडू आणून स्पर्धा जिंकणाऱ्यांना आवर घालायला ते लागतात. पण त्यांचा अर्थ असा, की डॉन कितीही चांगला खेळला तरी सेंट जॉन्सच्या संघात तो कधीच येणार नव्हता. सामना जिंकल्याने हे बदलत नाही. बोराडे यांनाही ते माहीत आहे. म्हणून ते पोरांना कॉलेजच्या संघात घुसवायचा प्रयत्न करत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी स्पर्धा उभी करतात आणि मग वेगळ्या विश्वचषकाकडे नेतात.

तो बेघरांचा विश्वचषक खरोखरचा आहे. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तो पहिल्यांदा भरला. एका वेळी मैदानात एका बाजूचे चौघेच, त्यात एक गोलरक्षक. सात-सात मिनिटांचे दोन डाव. छोटं, कठडे लावलेलं मैदान, बहुतेकदा शहराच्या भर चौकात. खेळाडू दमायच्या आत सामना संपतो आणि येणारे-जाणारे प्रेक्षक होतात. तिथे पात्रता उलटी आहे. घर नसणं, रस्त्यावर राहिलेलं असणं, हीच प्रवेशाची अट. आणि आणखी एक नियम आहे जो मला फार विचारात पाडतो : एका खेळाडूला या स्पर्धेत आयुष्यात एकदाच खेळता येतं. दुसऱ्या वर्षी त्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळावी म्हणून. म्हणजे इथे स्टार तयार होत नाहीत. दुखापत होऊन पुढच्या मोसमात परतणारा नायक नाही, वीस वर्षांनी कडेला उभं राहून ‘आमच्या वेळी’ म्हणणारा माजी कप्तान नाही. चाहत्यांना एका नावावर वर्षानुवर्षं जीव लावता येत नाही.

मंजुळे यांनी चित्रपट विमानतळावर संपवला आणि परदेशातले सामने दाखवलेच नाहीत, त्याबद्दल काही प्रेक्षक हिरमुसले. एवढा वेळ तयारी पाहून शेवटी खेळ नाही, ही तक्रार मी वाडिया पार्कजवळच्या चहाच्या टपरीवरही ऐकली आहे. मला तो निर्णय पूर्ण पटतो. ज्या स्पर्धेत एकदाच जाता येतं, तिचा कप कुणी उचलला याला फारसा अर्थ नाही. सुरक्षा तपासणीच्या रांगेत डॉनच्या खिशातलं पातं निघतं आणि ते टाकून त्याला पुढे जावं लागतं. मोनिकाच्या हातात पासपोर्ट आहे. विमान त्याच भिंतीवरून जातं जिच्यावर ओलांडायची मनाई लिहिलेली आहे. तिकडे गेल्यावर हे पोरगे पहिल्या फेरीत हरले असते, तरी यातलं काही कमी झालं नसतं. जिंकले असते तर मात्र आपण, कडेला बसलेले प्रेक्षक, टाळ्या वाजवून समाधानाने घरी गेलो असतो, आणि बिटरगावचं मैदान त्या टाळ्यांनंतर परश्याचं काय करतं ते याच दिग्दर्शकाने आपल्याला आधी दाखवलेलं आहे.